माझ्या सासऱ्यांची बैठक

नळदुर्ग ते जळकोट या पट्ट्यात स्वस्थ बसता येणारा एकच माणूस जन्माला आला आणि तो नेमका माझा सासरा निघाला. बसत सगळेच, पण कोणी विडी ओढायला, कोणी पत्ते कुटायला, कोणी भावकीची निंदा करायला. सासरे नुसते बसायला बसत. मांडी घातली, हात गुडघ्यांवर ठेवले, झालं. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, हे माझ्यावर रुसलेत. मी उस्मानाबादच्या कचेरीतला कारकून; गप्प बसलेला माणूस रागावलेलाच असणार, एवढं मला ठाऊक. शेवटी न राहवून विचारलं, "मामा, कसला विचार चाललाय?" ते दचकलेच. "विचार? छे वो जावईबापू! चांगला बसलोय की."

जेवताना तर त्यांच्याशी बोलायची सोयच नव्हती. भाकरीचा तुकडा मोडताना ते तिच्याकडे असे बघत, जणू लांबच्या गावाहून आलेली लेक. एकदा शेजारी धावत आला, "तुमचा बैल सुटून सडकेला लागलाय!" सासऱ्यांनी तोंडातला घास चावून संपवला, हात धुतले, तोंड पुसलं आणि "आता बैल," म्हणत उठले. तोवर बैल आपणहून गोठ्यात परतला होता. तोही शेवटी त्यांच्याच घरचा. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ह्यांच्या नादानं जनावरंबी निवांत झालीत."

बहात्तरच्या दुष्काळात मात्र हा निवांतपणा गावाला तारून गेला. विहिरी आटल्या होत्या, पाणी टँकरनं येई. त्या दिवशी मी तिथंच होतो. टँकर दिसताच सारं गाव घागरी घेऊन धावलं. रेटारेटीत एक पोटुशी बाई खाली पडली. तिचा नवरा धक्का देणाऱ्याच्या अंगावर गेला, आणि बघता बघता दोन्हीकडचे लोक काठ्या आणायला निघाले. तेवढ्यात सासरे गर्दीतून वाट काढत आले आणि टँकरच्या नळासमोर, फुफाट्यात, मांडी घालून बसले.

"उठा, चेंगरून मराल!" कोणीतरी ओरडलं.

"तुमी बसा की," ते म्हणाले. "टँकर उभाच हाय. मग आपुन कशापायी पळायचं?"

ड्रायव्हर खो खो हसला आणि म्हणाला, "गाव बसल्याबिगर नळ सोडत न्हाय!" आधी ती पडलेली बाई सासऱ्यांशेजारी टेकली. मग म्हाताऱ्या बसल्या, मग बाकीच्या बाया. गावठाणातले, बौद्धवाड्यातले, ज्यांच्या घागरी एरवी एकमेकींना शिवत नसत, ते सगळे आले तसे एका ओळीत बसले. काठ्या घेऊन परतलेल्यांना भांडायला उभा माणूसच सापडेना; ओशाळून तेही बसले. पहिली घागर त्या बाईची भरली. सासऱ्यांची शेवटी भरली, तीही अर्धीच. सासूबाईंनी काय ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही.

पुढे गावात दूध सोसायटी निघाली. चेअरमन कोण, यावर पहिल्याच सभेत अशी हमरीतुमरी झाली, की सगळे उभे राहून ओरडू लागले. खुर्चीत एकटे सासरेच बसलेले दिसले, म्हणून त्यांनाच चेअरमन केलं. त्यांच्या सभा सुरू होण्याआधी सगळ्यांनी घटकाभर गप्प बसायचं, असा रिवाज पडला. निम्मी भांडणं त्या घटकेतच विरून जात.

मी मनातून म्हणायचो, स्वतःवर वेळ आली की या माणसाची बैठक कळेल. ती वेळ आली. सासूबाईंचं दुखणं हाताबाहेर गेलं आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं. आम्ही सगळे आत-बाहेर धावत होतो. कोणी काढा, कोणी अंगारा, मी तर उगाच पुन्हा गाडीची चौकशी. सासरे बाजेशेजारी सासूबाईंचा हात धरून बसले होते. सासूबाईंना मान वळवता येईना, म्हणून ते दारातलं सारं सांगत होते. "पिवळी कोंबडी पिल्लं घिऊन आलीया... शेळीनं तुझं लुगडं धरलंय, थांब, हाकलतो..." सासूबाई हसल्या. दिवस कलता कलता हसतच गेल्या.

तेरावं झाल्यावर मी सासऱ्यांशेजारी टेकलो. ते म्हणाले, "जावईबापू, ती गेली तवा म्या तिथंच हुतो. दुसरीकडं कुटंच नव्हतो."

त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते पुसायची त्यांना काही घाई नव्हती.