उशिरा पडणारा हात

शनिवारी माटुंग्याला कर्नाटक संगीताची मैफल ऐकायला गेलो होतो. तिथे ऐकणारेही मांडीवर हात आपटत, बोटं मोजत ताल धरतात. माझ्या शेजारी एक आजी-आजोबा बसले होते. पक्षाघाताने आजोबांचा उजवा हात गेलेला, वाचाही गेलेली. तो लुळा हात आजी आपल्या हातात धरून त्यांच्याच मांडीवर ताल देत होत्या.

मध्यंतरात मला म्हणाल्या, "जन्मभर ह्यांनीच ताल धरला हो. मी नुसती शेजारी बसायचे. मला कुठलं काय कळतंय!"

खरंच कळत नव्हतं. मृदंगाची थाप पडून जायची आणि मग तो हात मांडीवर यायचा. दर चुकीला आजोबांच्या पापण्या थरथरायच्या. आयुष्यभर ताल जाणलेल्या माणसाला आता बायकोची चूकही सांगता येत नव्हती. मला त्यांची फार कीव आली.

रविवारी मनावरचं ते मळभ घालवायला सिनेमाला गेलो. पडद्यावर गाणं सुरू झालं, आसपासचे पाय हलू लागले. माझा धडधाकट हात मात्र मांडीवर नुसता पडून होता. तो उचलून चुकीचा ताल द्यायलाही शेजारी कुणी नव्हतं.