रबर चढवलेली पक्कड

मनगटाचं प्लॅस्टर काढलं तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजव्या हाताची पकड आता पूर्वीसारखी होणार नाही. हे मी घरी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पाना, पक्कड, हातोडी सगळं माझ्या हातून कायमचं गेलं असतं. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरातली दुरुस्ती लग्न झाल्यापासून मीच करत आलेय, आणि नळाचा वायसर बदलायला कुणाच्या तोंडाकडे बघत बसणाऱ्यांतली मी नव्हे.

हात सुधारेना, मग मी हत्यारं सुधारली. पान्याची दांडी तोकडी पडायची, तिला गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून हातभर पाइप जोडून घेतला. आता निम्म्या जोरात नट फिरतो. पकडीच्या दांड्यांवर सायकलची जुनी ट्यूब चढवली आणि मध्ये स्प्रिंग बसवली, म्हणजे ती आपली आपण उघडते. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीला आरपार भोक पाडून आडवा खिळा घातला. हत्यारं बनवणाऱ्यांनी माझा हात कधी बघितलाच नाही, त्याला मी काय करू?

सासऱ्यांना हे बघवायचं नाही. उभी हयात त्यांनी फाउंड्रीत काढलेली. "चांगल्या हत्यारांचा पार खेळखंडोबा केलाईस," म्हणायचे. "हात बरा हुईस्तोवर गप बस की."

खंडेनवमीला त्यांनी पाटावर आपली हत्यारं ओळीनं मांडली, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मी माझीही शेजारी ठेवली. त्यांनी ती एकेक करून बाजूला काढली. "ही हत्यारं न्हाईत, खेळणी हाईत." मला फार लागलं ते. डोळे भरून आले, पण ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. सगळं उचललं आणि स्वयंपाकघरातल्या खणात नेऊन ठेवलं.

दुपारी जेवणं होतात न होतात तोच गच्चीवरच्या टाकीखालचा नट सुटला आणि जिन्यावरून पाणी धो धो खाली येऊ लागलं. सासरे पाटाकडे धावले आणि तिथंच थबकले. पूजेला लावलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही, हा त्यांचाच नियम. हात पुढे केला, मागे घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा त्यो लांब दांडीचा पाना दे हिकडं."

"देत न्हाय," मी म्हणाले. "मीच जाते वर."

नखशिखांत भिजले. डाव्या हातानं दांडी ओढायची, उजव्यानं नुसती सांभाळायची. तिसऱ्या हिसक्याला पाणी थांबलं. सासरे बादली धरून शेजारी उभे होते.

संध्याकाळी ते कुंकवाची वाटी घेऊन स्वयंपाकघरात आले. खण उघडून पान्याला कुंकू लावलं, स्क्रू ड्रायव्हरला लावलं. पकडीपाशी अडखळले. "हात बरा झाला की ही रबरं तेवढी काढून टाक."

इतके महिने गिळलेलं मग तोंडातून निघालंच. "हात बरा हुणार न्हाय, मामंजी. डॉक्टरांनी तवाच सांगितलंय. रबरं ऱ्हाणार, आणि दुरुस्ती बी मीच करणार."

त्यांनी माझ्या मनगटाकडे बघितलं. पक्कड हातात घेऊन दोनदा दाबून पाहिली, तिला कुंकू लावलं. "स्प्रिंग लई कडक हाय," म्हणाले. "असल्या हाताला हलकी पायजे. उद्या बदलून देतो."

"कुठं मिळती तेवढं सांगा," मी म्हणाले. "बदलीन मीच."