पथ्याचा डबा आणि लेकीचं सासर

कऱ्हाडहून पिंपरीला निघाले तेव्हा पिशवीत दोन साड्या, जिऱ्याच्या उकळलेल्या पाण्याची मोठी बाटली आणि दुधीच्या अळणी भाजीचा डबा होता. तिकीट फाडता फाडता कंडक्टर म्हणाला, “मावशी, वास घरच्या जेवणाचा येतोय.” मी म्हटलं, “वासच घरचा, चव दवाखान्याची.”

कामं दोन होती. पोटाच्या डॉक्टरांना दाखवायचं, हे एक. दुसरं मोठं. माझी मुलगी मुक्ता चाकणच्या एका कंपनीत इंजिनियर आहे आणि तिथल्याच निखिलशी तिनं लग्न ठरवलंय. आमचं घर मराठा, निखिलचं बौद्ध. मुलगा मला पसंत होता. पण मुक्ता फोनवर म्हणाली होती, “आई, लग्न आम्ही करूच. पण दोन्ही घरांचं येणं-जाणं राहावं असं मला फार वाटतं, आणि ते तुझ्या पहिल्या भेटीवर आहे.” तिचे वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली. तेव्हा ही भेट निभवायची होती ती मलाच.

वल्लभनगरच्या स्टँडवर मुक्ता स्कूटर घेऊन उभी होती. तिथून थेट सांगवीला, डॉक्टरबाईंकडे. त्यांचं फंक्शनल मेडिसिन (रोगाला नुसतं नाव देऊन न थांबता तो मुळात कशानं आला ते शोधायची पद्धत). वर्षानुवर्षं मी पित्ताच्या गोळ्या बडीशेपेसारख्या तोंडात टाकत होते. या बाईंनी पहिल्याच भेटीत भलतंच विचारलं होतं. झोप लागते का? जेवता कधी, कुणाबरोबर? मी म्हटलं होतं, टीव्हीबरोबर. त्यांनी दूध, गहू, साखर, तळण तात्पुरतं बंद केलं, रात्रीचं जेवण दिवेलागणीला आणलं, रोज चालायला लावलं आणि घास चावायला शिकवला. साठी जवळ आल्यावर मी चावायला शिकले, सांगायचं कुणाला!

“पोट फुगतं का अजून?”

“निम्म्यानं कमी झालंय.”

“मग चेहरा का असा?”

“उद्या लेकीच्या होणाऱ्या सासरी पहिल्यांदा जायचंय.”

बाई हसल्या. “आतड्यांना सगळं कळतं हो. जेवायच्या आधी दोन मिनिटं शांत बसा.”

“आणि चहा?”

“थोडं थांबा. आता एका वेळी एकच पदार्थ परत आणायचा आणि पोट काय म्हणतंय ते बघायचं. सगळं एकदम खाल्लंत तर कशानं बिघडलं ते कळणार कसं?”

चहाशिवाय जगणं काय असतं ते कऱ्हाडच्या माणसाला विचारावं. तशीच तोंड पाडून मी स्कूटरवर बसले.

चाकणचा रस्ता म्हणजे कंटेनरांचीच दिंडी. ट्रेलरवर चढवलेल्या कोऱ्या गाड्या, त्यांच्यामागे कंपन्यांच्या बस, दोन्हीकडे पत्र्याच्या शेड आणि मधूनच एखादं कांद्याचं वावर, विसरून राहिल्यासारखं. एका गतिरोधकावर स्कूटर उडाली, डब्याचं झाकण सुटलं आणि दुधीचा रस्सा माझ्या साडीवर आला. मुक्ता म्हणाली, “बरं झालं, तो खायचा तरी वाचला.”

ती चाकणजवळच्या एका गावात इंदूबाईंकडे भाड्यानं राहते. इंदूबाईंचं निम्मं रान कंपनीत गेलंय, मुलगाही कंपनीत लागलाय, पण गोठ्यात म्हैस आहे आणि जिभेवर गाव आहे. आम्ही ओट्यावर टेकतो न टेकतो तोच त्यांनी विचारलं, “च्या (चहा) टाकू का?”

“चहा बंद आहे माझा.”

“मग दूध घ्या. घरच्या म्हशीचं हाय.”

“तेही बंद.”

“चपाती?”

“नाही. डबा आहे माझा.”

“आगं बया! मुक्ते, आई पाव्हनी आलीया का देव? निस्ता वास घेऊन जाती व्हय?”

ओट्यावरची सगळी हसली, मीही हसले. संध्याकाळी त्यांनी बाजरीची भाकरी आणि बिनतिखटाची मेथी आपणहून समोर ठेवली. मी चावून चावून खात होते, तर म्हणाल्या, “आमची म्हस पण असंच खाती. तिचं पोट कवा दुखलं न्हाई.” माझ्या डॉक्टरीणबाईंचं सगळं शास्त्र यात आलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुधी शिजवला, बाटली भरली आणि आम्ही संत तुकाराम नगरात निखिलच्या घरी पोचलो. दार निखिलनंच उघडलं. दोन खोल्यांचं नेटकं घर, कपाटावर पांढरी बुद्धमूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं. निखिलचे वडील कंपनीतून निवृत्त झालेले, आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. मी ठरवून मोकळेपणानं वागत होते.

निखिलच्या आईंनी पाण्याचे ग्लास आणले. मी म्हटलं, “नको नको, माझं पाणी आहे माझ्याजवळ,” आणि बाटली काढली. चहा आला. “चहा बंद आहे हो.” मग बेदाणे घातलेला शिरा आला. “हा तर मुळीच नाही. मी डबा आणलाय ना!” आणि डबा खुशाल टेबलावर मांडला. काल याच वाक्यांवर हशा पिकला होता. इथं कुणी हसलं नाही.

निखिलचे वडील हातातला कप तसाच धरून खिडकीबाहेर बघू लागले. मुक्ताचा चेहरा उतरला. मला वाटलं, शिरा नाकारला म्हणून मंडळी नाराज झाली. म्हणून मी पोटाचं पुराण आणखी रंगवायला लागले.

निखिलच्या आईंनी वाटी खाली ठेवली. “ताई, राग मानू नका. पोटाचं कारण खरं आहे ना?”

“म्हणजे?”

“माझ्या सासूबाई इथं नव्यानं राहायला आल्या तेव्हा शेजारणींना चहाला बोलवायच्या. त्या दारातूनच म्हणायच्या, आज उपास आहे. सासूबाई म्हणायच्या, या बायकांना बाराही महिने उपास.”

माझी नजर बाटलीवर गेली आणि लाजेनं जीव अर्धा झाला. या घरात, पहिल्या भेटीला, मी माझं पाणी घेऊन आले होते.

“पोटाचं खरं आहे,” मी म्हटलं. “पण पाणी नको म्हणायचं काहीच कारण नव्हतं. पाण्याबद्दल डॉक्टर बोलल्याही नाहीत, ती माझीच हौस. चुकलं माझं.” मी ट्रेमधला ग्लास उचलला आणि सगळा प्याले. मग शिऱ्याच्या वाटीला हात घातला.

त्यांनी वाटी ओढून घेतली. “ठेवा ती. पोट खरंच दुखतं ना, मग तुम्हाला शिरा खाऊ घालून मला काय पुण्य लागणार आहे? काय चालतं ते सांगा.”

“ज्वारीची भाकरी. मुगाचं वरण.”

“मग हे आधी सांगायचं नाही का! चला आत.”

स्वयंपाकघरात आम्ही दोघी उभ्या राहिलो. माझी पहिलीच भाकरी तव्यावर टाकताना फाटली. त्या म्हणाल्या, “कऱ्हाडकडं अशाच थापतात का?” मी म्हटलं, “विहीणबाई बघत असल्या की अशाच होतात.” बाहेर निखिलशेजारी बसलेली मुक्ता खुदकन हसली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. निखिलच्या वडिलांनी माझ्या डब्यातला दुधी चाखला आणि तोंड वाकडं करून म्हणाले, “हे रोज खाता? मग उपास तुमचाच खरा.” मी दोन भाकऱ्या खाल्ल्या, सावकाश, सगळ्यांबरोबर बोलत. पोटानं तक्रार केली नाही.

निघताना निखिलच्या आई म्हणाल्या, “आता आम्ही येणार कऱ्हाडला. पण आम्ही चहाबाज आहोत, सांगून ठेवते.”

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी फार आनंदात होते, आणि थोडी बोचणीही होती. माझ्या घरचं पाणी आजवर कुणी नाकारलेलं नाही, म्हणून ते नाकारण्याचा अर्थ काय होतो हे मला कधी शिकावंच लागलं नव्हतं. ही तपासणी कुठल्याच दवाखान्यात झाली नसती.

घरी पोचले तशा शेजारच्या काकू आल्या. पोटाची चौकशी झाली, मग त्यांचा आवाज खाली आला. “त्यांच्याकडं काही खाल्लंस का गं?”

“दोन भाकऱ्या. पाणीही पोटभर प्याले. आता ती मंडळी इकडं येणार आहेत. तुम्हीही या चहाला.”

काकू पदर सारखा करत उठल्या. “मला कसलं जमतंय बाई. माझा उपास आहे त्या दिवशी.”

“काकू,” मी म्हटलं, “दिवस अजून ठरलेलाच नाही.”