खाकी शर्टातला गतिरोधक

रस्त्याला खड्डे होते तोवर आमची आई सुखरूप होती. वसईतल्या होळी नावाच्या भागात आमचं घर रस्त्याच्या एका बाजूला आणि भाजीची वाडी दुसऱ्या बाजूला. रोज सकाळी मेथी-पालकाची पाटी डोक्यावर घेऊन ती निवांत रस्ता ओलांडायची, कारण गाड्या लंगडतच यायच्या. दिवाळीनंतर रस्ता गुळगुळीत झाला आणि डिसेंबरच्या धुक्यात एक बाईक तिच्या पाटीला घासून गेली. मेथी रस्ताभर झाली. आईला लागलं नाही, पण नंतर तिने वाडीचं नाव काढणंच सोडलं. वाडीशिवाय आई करणार काय?

बाबा गतिरोधकासाठी अर्ज घेऊन गेले. उत्तर मिळालं, निधी रस्त्यातच संपला, पुढच्या वर्षी बघू. खड्डे मात्र आम्हाला कायम फुकट मिळत आले होते.

नाताळ जवळ आला तशी शेजारच्या आळीतली पोरं दरवर्षीप्रमाणे सरत्या वर्षाचा पुतळा करायला लागली. त्यात पेंढा भरायचा, जुने कपडे चढवायचे, रस्त्याकडेला खुर्चीत बसवायचा आणि एकतीस डिसेंबरला जाळायचा. ती कपडे मागायला आली तेव्हा आईने बाबांचा खाकी शर्ट आणि टोपी काढून दिली. बाबा गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात वॉचमन होते. निवृत्तीनंतरही तो गणवेश त्यांनी डांबराच्या गोळ्या घालून जपला होता.

"जाळण्याआधी शर्ट-टोपी परत हवी, आणि खुर्ची आमच्या फाटकाशी," आईने बजावलं.

धुक्यात पुतळा थेट हवालदार दिसायचा. आरशाला लटकवलेली हेल्मेटं लांबूनच डोक्यावर चढायची. ट्रिपल सीटवाल्यांतला एक जण उतरून साळसूदपणे चालायला लागायचा. आई पुन्हा वाडीत जायला लागली.

बाबा धुमसत होते. "माझ्या शर्टात पेंढा भरलास?"

"तुमच्यापेक्षा जास्त काम करतोय तो."

बाबांनी अबोला धरला.

ठरल्याप्रमाणे पुतळा जळला आणि शर्ट-टोपी खुंटीवर परत आली. नव्या वर्षाच्या सकाळी धुकं दाट होतं. आई पाटी घेऊन वाडीच्या कडेला उभी होती, पाऊल काही टाकेना. मी हात धरायला धावले, तेवढ्यात सुसाट येणारी बाईक एकदम सावकाश झाली. फाटकाशी खुर्चीत खाकी शर्ट आणि टोपी घालून बाबा ताठ बसले होते. पेंढ्याची कुसळं टोचत असणार, नाकावर माशी होती, तरी ढिम्म.

आई रस्ता ओलांडून त्यांच्यासमोर थांबली. "अहो, माशी."

"अबोला आहे आपला," ओठ न हलवता बाबा म्हणाले. "जा, दुसरी पाटी घेऊन ये. मी बसलोय."