आक्कांचे जाड काप

वैद्यकीय महाविद्यालयाच्या तळमजल्यावर आक्कांचं राज्य होतं. काचेच्या बरण्या, रंगांच्या बाटल्या आणि मधोमध मेंदूच्या तुकड्यांचे काप काढायचं यंत्र. एकतीस वर्षं त्या हेच करत होत्या. काप इतके पातळ, की कुणी नवखा जवळपास शिंकला तर आक्का डोळे वटारायच्या. आपल्या पातळ कापांचा त्यांना तोरा होता, आणि तो असावाच.

पण गेल्या वर्षापासून उजवा हात थरथरू लागला. घरी त्या कप दोन्ही हातांनी धरायच्या. "थंडी वाजते का गं?" नवऱ्याने विचारलं, तेव्हा हो म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. हात गेला की काम गेलं, आणि कामाशिवाय आपण कोण, हा विचार त्यांना सोडत नसे.

अशात नव्या प्राध्यापक बाईंनी एक जुनीच पद्धत उकरून काढली. पेशी रंगवायला मेंदूचा तुकडा चांदीच्या क्षारात मुरवायचा आणि मग त्याचे काप काढायचे. आक्कांनी सवयीने पातळ काप काढले, तर कुंचल्याने काचेवर ठेवताना एकामागून एक फाटू लागले. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी आक्कांनी दार लोटलं, यंत्राचा जाडीचा काटा पुढे सरकवला आणि चांगले दहापट जाड काप काढले. ते मात्र थरथरत्या हातातही शाबूत राहिले. नोकरीतली ही त्यांची पहिली लबाडी.

दुपारी बाईंनी वर बोलावलं. "आक्का, आजचे काप कुणी काढले?"

"मीच." आता लपवण्यात अर्थ नव्हता. "हात थरथरतो, बाई. पातळ जमेनात, म्हणून गुपचूप जाड काढले. चुकलंच माझं."

बाई उठल्या आणि सूक्ष्मदर्शकापुढची स्वतःची खुर्ची त्यांनी पुढे केली. "बसा."

एकतीस वर्षं आक्कांच्या काचा वर जायच्या आणि बघायचे दुसरेच. आक्का अंग चोरून बसल्या. पिवळ्या उजेडात एकच काळीभोर पेशी होती, मुळांसकट उपटलेल्या रोपासारखी.

"हा रंग शंभरातल्या एखाद-दोन पेशींनाच चढतो," बाई म्हणाल्या. "का, ते अजून नीट कळलेलं नाही. पण सगळ्या रंगल्या असत्या तर नुसता काळा गोळा दिसला असता. पूर्वी मोठमोठी माणसं म्हणायची, मेंदू म्हणजे एकच सलग जाळं. मग एकाने याच रंगाचे काप वर्षानुवर्षं पाहिले, त्यांची चित्रं काढली आणि दाखवून दिलं, की प्रत्येक पेशी सुटी आहे, ती शेजारणीला निरोप देते. त्याचेही काप जाडच होते, आक्का. पातळ कापात फांद्या तुटतात. तुमचे आधीचे दोन-चार वाचले, त्यांत नुसते तुकडे दिसले आणि मी रंगाला शिव्या देत बसले. जाडी सांगायची राहिली, ती चूक माझी."

"म्हणजे माझ्या हातालाही निरोप असेच येतात?"

"असेच. मध्येच कुठे गडबड होतेय, ते डॉक्टरांना बघू दे. उद्या मी येते तुमच्याबरोबर. आणि हे काप तुम्हीच काढायचे, जाडच."

आक्कांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला. ज्या कामात अर्धं आयुष्य गेलं, ते आज कुणीतरी त्यांना बसवून दाखवलं होतं.

"बाजूचं चाक जरा फिरवा," बाई म्हणाल्या. "काप जाड आहे, खालच्या फांद्याही दिसतील."

आक्कांनी उजवा हात चाकावर ठेवला. तो थरथरला, तशी एक फांदी विरली आणि तिच्याखालची दुसरी उजळली, मग तिसरी. आक्कांनी हात मागे घेतला नाही.