अंधाऱ्या वर्गातली कण्हेर

आमच्या शाळेत नवीन काहीही आलं की मोठ्या बाई आधी ते नाकाशी धरायच्या. खडूची पेटी असो, भिंतीला लावायचा रंग असो, कुणी हौसेनं आणून दिलेलं रोप असो. पान असेल तर टोक खुडायचं, दोन बोटांत चुरडायचं, हुंगायचं, आणि भुवया आक्रसून विचारायचं, "कुणाच्या तोंडात जाईल हे?"

हळदीकुंकवाला गेल्या तरी तेच. एका व्यापाऱ्याच्या घरी दारातली कुंडी त्यांनी अशीच हुंगली आणि घरच्या बाईंना म्हणाल्या, "फूल छान आहे. पण तुमचं रांगतं मूल आणि ही कुंडी एकाच उंचीवर आहेत." पुढच्या वर्षी त्या घरून बोलावणं आलं नाही. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. कुंडी माडीवर गेली की नाही, एवढं मात्र त्यांनी मला दोनदा विचारलं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या रागाला गाव हसतं, आणि त्यांचं खरं ठरलं की गाव गप्प बसतं.

बाईंचं एखादं मूल विषारी पाला खाऊन गेलं असणार, अशी एक कथा गावात फिरत असे. मी एकदा धीर करून विचारलं, तर माझ्यावरच तापल्या. "मूल नाही गेलं. म्हैस गेली. पाथरीला आमच्या दारात बांधलेली, मी हाक मारली की कान हलवणारी. म्हशीसाठी माणसाला राग येऊ नये का?"

निजामाचं राज्य होतं तेव्हा. पालमची मुलींची शाळा म्हणजे दोन खोल्या आणि पुढं ओसरी. आतल्या खोलीला खिडकीच नव्हती. छपरात एक काचेचं कौल होतं, त्यातून ताटाएवढं ऊन खाली पडायचं आणि दिवसभर जमिनीवरून सरकत राहायचं. मी तिथं नव्यानं लागलेली दुसरी मास्तरीण. पोरी मला धाकट्या बाई म्हणत.

पोरी तरी कितीशा होत्या! बाई घरोघर फिरून त्या गोळा करायच्या. शेरडं पाळणाऱ्यांच्या वस्तीत गेलो तेव्हा गोदाचा बाप हात जोडून म्हणाला, "बाई, पोरीला धाडलं तर करडं कोन बघंल? शेरडं रानात जातेत, पिल्लं घरीच ऱ्हातेत. त्यांच्यामागं हीच हाय."

"मग करडू घेऊन पाठवा."

"शाळंत?"

"शाळेत."

तो हसला. त्याला वाटलं बाई थट्टा करायलीय. दुसऱ्या दिवशी गोदा आली, काखेत पांढऱ्या कपाळाचं करडू. मग तिच्या मागून वस्तीतल्या आणखी पोरी आल्या, कुणाच्या कडेवर भाऊ, कुणाच्या हातात दोरी. करडं आतल्या खोलीच्या थंड कोपऱ्यात बसायची. मी पाढे घेत असताना एखादं माझ्या लुगड्याचा पदर चघळत असायचं. एकदा एक पोरगी कविता म्हणताना अडली आणि नेमकं तेव्हाच गोदाचं करडू ओरडलं. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "त्याचं पाठ झालंय. तुझं कधी होणार?"

त्या अंधाऱ्या खोलीत हिरवं काहीतरी हवं, हा बाईंचाच ध्यास. "पोरी दिवसभर मातीच्या भिंतीकडं बघतात," म्हणायच्या. पण रोप निवडायला त्यांनी पावसाळा घालवला. अंधारात ते जगलं पाहिजे, आणि करडानं खाल्लं तर करडूही जगलं पाहिजे, एवढीच त्यांची अट. ऐकायला सोपी. जे सावलीत जगायचं ते नेमकं तोंडात घालण्यासारखं नसायचं. कुणी रंगीत पानांचं शोभेचं अळू सुचवलं. बाईंनी मान हलवली. "त्यानं घसा खाजतो. ज्याला बोलता येत नाही त्यानं ते सांगायचं कुणाला?"

शेवटी त्यांनी फुटक्या माठांत हळद लावली आणि खांबापाशी पानवेल. पानमळेवाल्यानं नवल केलं, तर म्हणाल्या, "तुझ्या मळ्यात तरी ऊन कुठं असतं?" हळदीची रुंद पानं त्या मिणमिणत्या उजेडात अशी काही उठून दिसायची! कौलातलं ऊन सरकेल तसे माठ सरकवायचे, हे काम गोदाचं. पानवेलीचा कोंब करडानं खाल्ला की पोरी ओरडायच्या. बाई म्हणायच्या, "खाऊ द्या. परत फुटेल."

आणि मग साहेबांचा दौरा ठरला.

तालुक्याहून शाळांचे मोठे साहेब मुआइन्याला, म्हणजे तपासणीला येणार होते. त्यांच्या आधी त्यांच्या कचेरीतले कारकून, पेशकार, आले आणि त्यांच्यामागून कुंड्यांनी भरलेली बैलगाडी. सगळी कण्हेर. गुलाबी फुलांनी नुसती लवलेली. बाई दारात उभ्या राहिल्या. पान खुडलं नाही, हुंगलंही नाही.

"ही आत येणार नाही."

पेशकार हसले. "बाई, साहेबास्नी रौनक आवडते. आतली खोली म्हंजे नुसता अंधार हाय. तिथं ठिवायचा हुकूम हाय."

"अंधारात कण्हेर फूल धरत नाही. दोन दिवसांत फुलं गळतील, पानं गळतील. खाली करडं बसतात."

"मग करडं बंद करा ना! शाळा हाय का कोंडवाडा?"

"करडं बंद केली तर पोरी बंद होतील. पेशकारसाहेब, हे विष आहे. बैलाला पुरतं, करडाला किती लागेल?"

"आमच्या कचेरीच्या दारात वर्षानुवर्षं हाय. आमी तर कुनी मेलो न्हाई."

"तुम्ही चरत नाही म्हणून," बाई म्हणाल्या.

गाडीवान हसला, पेशकार हसले नाहीत. कुंड्या त्यांनी ओसरीखाली उतरवून घेतल्या आणि गेले. बाईंनी मला आणि पोरींना हाताशी धरून सगळ्या कुंड्या कुंपणाबाहेर नेल्या. घरी जाताना दाराला कुलूप लावलं, ते ओढून पाहिलं. आम्हाला वाटलं, झालं.

पेशकारांकडे दुसरी किल्ली होती. आम्ही गेल्यावर त्यांनी माळ्याला घेऊन शाळा उघडली. छप्पर ठेंगणं म्हणून कण्हेरीच्या वरच्या फांद्या छाटल्या, कुंड्या आतल्या खोलीत ओळीनं मांडल्या, आणि छाटलेल्या डहाळ्या तशाच कोपऱ्यात लोटल्या. आमचे हळदीचे माठ मागच्या बाजूला फेकले. पानवेल खांबावरून ओढून काढली, कारण ती वेडीवाकडी दिसत होती. एवढी सांगून, बजावून, दारात उभी राहून थोपवलेली गोष्ट माणूस पाठीमागून येऊन करतो, आणि त्याला ते काम चोख केल्यासारखं वाटतं!

सकाळी मी कुलूप काढून ओसरीवरच तयारीला लागले, तोच गोदा सगळ्यांत आधी आली. सवयीनं, न बघताच करडू आतल्या अंधारात सोडलं आणि प्रार्थनेला ओसरीवर धावली. बाकी पोरींची करडं अजून ओसरीपाशीच दोरीला होती. निजाम हुजुरांना दीर्घायुष्य मागणारी प्रार्थना तेव्हा रोज म्हणावी लागे. मुआइन्याचा दिवस म्हणून त्या दिवशी ती आम्ही सावकाश, सुरात म्हटली. आम्ही हात जोडून डोळे मिटून उभ्या होतो आणि आत करडू वाळत आलेली पानं खात होतं.

पहिल्यांदा गोदालाच कळलं. तिनं हाक मारली तर ते उठेना. तोंडाला फेस, पाय ताठ. बाईंनी कोपऱ्यातल्या डहाळ्या पाहिल्या, कुंड्या पाहिल्या, आणि जमिनीवर बसून करडाला मांडीवर घेतलं. मी पाणी आणलं. गुराच्या दवाखान्याला तालुक्याला कुणाला तरी धाडू या, म्हटलं. बाई हळूच म्हणाल्या, "पोचायच्या आत संपेल गं." गोदा रडली नाही. ती त्याचे कान चोळत बसली होती, थंडीत चोळतात तसे. दुपारच्या आत ते गेलं.

साहेब आले तेव्हा बाई तिथंच बसलेल्या होत्या. पोरी उठून उभ्या राहिल्या, मी राहिले, बाई उठल्या नाहीत.

पेशकार पुढं सरसावले. "बाई, साहेब आलेत!"

मग बाई उठल्या. करडू उचललं, साहेबांसाठी धुतलेली चादर टाकलेल्या टेबलावर ठेवलं, आणि त्याच्या शेजारी कण्हेरीची एक कुंडी.

"हे तुमच्याकडून आलेलं झाड," त्या म्हणाल्या, "आणि हे आमचं करडू. करा मुआइना."

साहेबांनी रुमाल नाकाला लावला. पेशकार घाईनं म्हणाले, "साहेब, पोरीचं दुर्लक्ष. जनावर मोकळं सोडलं तिनं."

त्यानंतर बाईंचा जो आवाज चढला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "पोरीचं नाव घेऊ नका! रोज सोडते ती, रोज इथंच सोडते. काल इथं हळद होती, आज विष आहे. ते तिनं ठेवलं नाही. मी तुम्हाला सांगितलं होतं की नाही? या धाकट्या बाईंच्या देखत सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

साहेब दोघांकडंही न बघता फुलांकडं बघत होते. म्हणाले, "आजपासून शाळेत जनावर आणायचं नाही." आणि बाहेर गेले. कुंड्यांबद्दल एक शब्द नाही. माझा अजून विश्वास बसत नाही, पण त्या दिवशी शाळेत दोष सापडला तो करडाचा.

संध्याकाळी गोदाचा बाप आला. भांडायला आलेला नव्हता, त्यानं जास्त वाईट वाटलं. "तुमच्यावर राग न्हाई, बाई. पन आता करडं यायची न्हाईत म्हनल्यावर पोरगी तरी कशी यील? आमी काय करावं, तुमीच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा झाल्यावर बाईंनी फळा काखेत मारला, मला म्हणाल्या, "खडू घे," आणि आम्ही वस्तीवर गेलो. काटेरी कुंपणाच्या आत, शेरडांच्या लेंड्या झाडून, त्यांनी फळा बाभळीच्या बुंध्याला टेकवला.

गोदाचा बाप घाबरला. "बाई, हुकूम हाय ना?"

"जनावर शाळेत न्यायचं नाही, असा हुकूम आहे. शाळा जनावरांत आणायची नाही, असं कुठं म्हटलंय?"

तो पोटभर हसला. मग डोळे पुसत आत गेला आणि बाईंना बसायला घोंगडी घेऊन आला.

दुपारची ती शाळा बरेच महिने चालली. कुणी तक्रार केली ठाऊक नाही. करणाऱ्याला फार शोधावं लागलं नसेल. बाईंची बदली जिंतूरकडे, चारठाण्याला झाली. कारण दिलं शिस्तीचं. पेशकार होते तिथंच राहिले. कण्हेरीही त्यांच्या कचेरीच्या दारात फुलत राहिल्या. वस्तीवरची शाळा मी पुढं चालवली. गोदा चौथी पास झाली, तेवढं शिकलेली त्या वस्तीतली पहिलीच पोर. पण त्याचं कौतुक करायला तिला मोठ्या बाई हव्या होत्या, मी नको होते. आणि तिचं बरोबरच होतं.

बाई निघाल्या त्या सकाळी सगळ्या पोरी वेशीपर्यंत आल्या होत्या. गोदाच्या बापानं बाईंची ट्रंक डोक्यावरून आणून गाडीत ठेवली. मला खूप काही बोलायचं होतं. बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तब्येत सांभाळ. जेवत जा वेळेवर." एवढंच. गाडी हलली. आम्हाला वाटलं, आता वळून बघतील, हात करतील. पण गाडीवानानं बैलाला पराणी टोचली होती आणि बाई त्याच्यावर उखडल्या होत्या. टोचलंसच का, तो चालत नव्हता का, त्याची पाठ तुला दिसत नाही का! गाडीवान काहीतरी पुटपुटत होता. एकदाही त्यांनी मागं पाहिलं नाही. गाडी बाभळींच्या आड गेली, धूळ बसली, तरी तो चिडलेला आवाज येत होता. तो पुरता विरेपर्यंत आमच्यातलं कुणी जागचं हललं नाही.