आईच्या दातांवरचे जंतू

"आई, आज दात घासू नको ना," मी चाचरत म्हटलं.

"आन् मिठागरावर तशीच जाऊ व्हय गो?"

तरी तिने दातांवरचा थर काडीने काढून छोट्या बाटलीत घेऊ दिला. ती बाटली मी ओढणीत गुंडाळून पेणहून रोह्याच्या कॉलेजात नेली. माझा हा पहिलाच प्रयोग फसला, तर सर माझ्या प्रकल्पाचा विषय बदलणार होते. जंतूंनी आम्ल केलं की पिवळं पडणारं लाल द्रावण मी दोन नळ्यांत घेतलं, एकीत साखर घातली, दुसरीत सॅकरीन या कृत्रिम साखरेची गोळी, आणि दोन्हींत आईचे जंतू सोडले.

दुसऱ्या दिवशी साखरेची नळी पिवळी झाली होती. सॅकरीनची मात्र लालच! जंतूंना ती गोडी खाताच आली नव्हती. सर म्हणाले, "चालू ठेव." मी धावतच बस पकडली.

ऐकून आई म्हणाली, "शहाणे हायत गो तुझे जंतू, खरी साखर वळखतात!"

"माझे नाय, तुझे!"